आडव्या गाडीच्या मालकास

श्री. फोर बाय फोरसाहेब,
मु. पो. सोलंगच्या वरचं वळण, गाडी आडवी,
यांस सप्रेम नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. पण आपल्या गाडीची डावी बाजू मला इतका वेळ निरखायला मिळाली, की तिच्यावरचे स्टिकर तोंडपाठ झाले. मागच्या दाराजवळ 'पुणे ते लेह', आणि त्याच्या दुप्पट मोठ्या लाल अक्षरांत 'फोर बाय फोर'. हे पत्र त्या लाल अक्षरांना उद्देशून आहे. आपण मधले वाचक.

३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा घाट न चढता लाहौलला पोचता येऊ लागलं. तेव्हापासून नाताळच्या सुटीत तीन हजार मीटर उंचीवर निम्मं कोथरूड आणि उरलेलं ठाणे भेटतं. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळचं सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान हजाराच्या आसपास गाड्या अडकून पडल्या होत्या. त्यामुळे आपण काही नवीन केलंत असं नाही. फक्त जरा मन लावून केलंत.

बर्फ पडू लागला की मनालीच्या पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. आपल्याला सोडलं, आणि बर्फाने शरणागती पत्करली असा आपण अर्थ काढलात. साहेब, फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना वाटून मिळतो. गाडी जागची हलते, चढ चढते. थांबताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. ब्रेक आमच्या भाड्याच्या अल्टोलाही चारही चाकांना होते. जादाचे काही लाख मोजून आपण लवकर निघण्याची सोय विकत घेतलीत; थांबण्याचं खातं टायरांकडे होतं आणि तिकडे वाकून बघितलं नाहीत. नाक्यावरच्या पोलिसांनीही नाही, हे आपल्या बाजूने नमूद करतो.

मी वाकून बघितलं. वेळ होता. कंपनीचे टायर काढून आपण एक माप रुंद टायर घातलेत, वर चकचकीत अलॉय. लक्ष्मी रोडवर शोभा आहे. मोकळ्या बर्फात मात्र रुंद टायर वर तरंगू बघतो, अरुंद टायर खाली रुततो आणि काहीतरी टणक शोधतो. शिवाय साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रणच वेगळं असतं, ते थंडीत मऊ राहतं. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात, आणि खाचांत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरून ठेवतो. आपण खाली उतरून सगळ्यांना ठणकावून सांगितलंत, "ऑल सीझन आहेत!" पुण्याचे सीझन, साहेब. त्यांतला हिवाळा म्हणजे सारसबागेत स्वेटर.

तेवढ्यात आपण बाजूवर कोरलेली 'एम अधिक एस' ही अक्षरं दाखवलीत. चिखल आणि बर्फ, असा दावा. तो टायरवाला स्वतःच करतो, त्यासाठी बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाही. ती दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती अक्षरं बर्फाळ रस्त्यावर चालत नाहीत, डोंगर लागतो. आपल्याकडे असे टायर दुकानात सहज मिळत नाहीत, हे खरं. म्हणूनच मनालीचे चालक चेन आणि स्वतःचा उजवा पाय यांच्या भरवशावर जगतात.

उजव्या पायाचा विषय निघालाच आहे. चढावर आपली गाडी जरा अडखळली. आमचा चालक काचेतून ओरडला, "साब, पैर हटाओ!" आपण पाय अधिक दाबलात. चाकं जागच्या जागी गरगरली, खालचा बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला. जिथे थोडीफार पकड होती तिथे आपण स्वखर्चाने गुळगुळीत थर तयार केलात आणि तो मागच्या सगळ्यांना वापरायला दिलात. दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघायचं, चढाच्या मध्यावर थांबायचं नाही, एवढं शहाणपण तिथल्या पोरांना मिसरूड फुटायच्या आधी येतं. आपण मात्र रांग सोडून उजवीकडून पुढे घुसलात, म्हणजे उतरणाऱ्यांची वाटही बंद.

मग उतार. वळणातच आपण ब्रेकवर उभे राहिलात. टायरकडे पकड एकाच गंगाजळीतून येते. ती ब्रेकने संपवली की वळायला दमडी उरत नाही. एबीएस असलं तरी ते फक्त चाक फिरतं ठेवतं, पकड छापत नाही. मोकळ्या बर्फात तर थांबायचं अंतर वाढूही शकतं. हिशेबच मांडू. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर १४ मीटरांत थांबते. दबलेल्या बर्फावर तो ०.२ होतो, अंतर ४९ मीटर. गोठलेल्या गुळगुळीत थरावर ०.१, अंतर ९८. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी उतरवता येते, ती सोय तर आपल्या गाडीत आमच्यापेक्षा चांगली होती. त्या सोयीचं बटण अजून नवंकोरं असणार.

एका बाबतीत मात्र थट्टा सुचत नाही. आडव्या झालेल्या आपल्या गाडीचं बूड बर्फाच्या ढिगात, मुलं आत, काचा बंद, आणि हीटरसाठी इंजिन चालू. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी रस्त्यात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूमागे कार्बन मोनॉक्साइड असावा असं तेव्हा सांगितलं गेलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर आत येतो, आणि या वायूला वास नसतो. आमच्या चालकाने हातमोजे नसताना तो ढीग उकरला, तेव्हा आपण फोनवर कुणाला तरी "किरकोळ ट्रॅफिक आहे" असं सांगत होतात.

कळावे, लोभ आहे तेवढाच ठेवावा.

आपल्या मागच्या अल्टोतला एक

ता. क. ज्या टॅक्सीवाल्याने आपल्या मापाची चेन काढून दिली, तो अजून मनालीच्या स्टँडवर आपली वाट बघतो आहे. डांबर लागल्याबरोबर ती उतरवायची असते. तशीच पळवली तर तुटते आणि चाकावरचा पत्रा फाडते. किंमत त्याने सांगितली आहे, चेनची. पत्र्याची आपल्याला गॅरेजवाला सांगेल.