कार्बोरेटर खोलण्याचा शास्त्रोक्त विधी (फक्त एमएच-२५ धारकांसाठी)

जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर मुहूर्त पाहून बिघडतो. सोयऱ्याचं लग्न, पीककर्जाच्या कागदावर सही करायची तारीख, नाहीतर तुळजापूरला निघायची पहाट, यांतलं काहीच नसेल तर गाडीला काही होत नाही. एरवी वर्षभर ढेकळांतून आणि उसाच्या फडातून बिनतक्रार हिंडलेली स्प्लेंडर त्या दिवशी किकमागून किक खाते, एकदा फुर्रर करते आणि गप्प बसते. चोक ओढला की चालते, सोडला की मरते. एवढ्यावरून जाणकाराला कळतं की स्लो जेट बुजलंय. पण तुम्हाला इतक्या लवकर कळून चालणार नाही. आधी निदान व्हायचंय, आणि ते सार्वजनिक असतं.

गाडी रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावा आणि तिच्याकडं बघत उभे राहा. दुसरं काही करू नका. थोड्याच वेळात पहिले तज्ज्ञ येतील. "काय करायलाव बप्पा?" असं ते विचारतील. याला उत्तर द्यायचं नसतं, सरकून जागा द्यायची असते. ते प्लग काढतील, विजारीला पुसतील, उन्हात धरतील आणि "काळा पडलाय" म्हणतील. काळा कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, विटकरी असला तर मिश्रण बरोबर, हे शास्त्र खरंच आहे. फक्त पुसायच्या आधी बघायचं असतं. हे त्यांना सांगू नका, ते दुखावतील. दुसरे तज्ज्ञ कॉइल म्हणतील, तिसरे टायमिंग. चौथे "इकून टाका" म्हणतील आणि कितीला देता तेही विचारतील. पाचवे बिडी ओढत येतात. यांचा सल्ला बहुतेक वेळा सगळ्यांत अचूक निघतो. तरी तो दहा पावलांवरूनच घ्यावा, कारण यापुढं आपल्याला पेट्रोल सांडायचंय.

साहित्य: दहा नंबरचा पाना, एक स्टार आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, परात. परातच घ्या, काटवट नको. भाकरीला पेट्रोलचा वास का येतोय हे घरात सगळ्यांना एकाच घासात कळतं.

भूम-परंड्याकडं खव्याच्या भट्टीला दूध घालणाऱ्यांनी हा सगळा विधी संध्याकाळवर टाकावा. कॅन लटकवलेली राजदूत थांबली तर थांबू दे, दूध थांबत नाही. ते दुसऱ्याच्या गाडीवर आधी रवाना करा.

आता कॉक बंद करा, नळी उपसा, बोल्ट सैल करा. वरचं झाकण फिरवलं की स्लाईड केबलसकट वर येते आणि तिला नीडल लोंबकळत असते. बहुतेक नीडलांना पाच खाचा असतात, त्यांतल्या एकीत इवलीशी क्लिप. ती कोणत्या खाचेत आहे हे बघून ठेवा. क्लिप खालच्या खाचेत घातली की नीडल वर राहते आणि पेट्रोल जास्त जातं, वरच्या खाचेत घातली की उलट. जुन्या गाडीत ती हमखास अगदी वर सापडते, कारण मागच्या मालकानं अॅव्हरेज वाढवण्याचा संकल्प सोडलेला असतो. मग गाडी चढाला दम टाकते आणि आपण येडशीच्या घाटाला नावं ठेवतो.

खालच्या वाटीच्या स्क्रूंचं आधीच्या तज्ज्ञांनी पार वाटोळं केलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर नीट बसवून त्याच्या बुडावर हलका ठोका मारा, मग फिरवा. वाटी सुटली की ती न हलवता आत बघा. टाकीतल्या गंजाच्या तांबूस पापड्या, पिठासारखी काळी माती, आणि कडेला हिरवट-पांढरी खरपूड. गाडी बरेच दिवस उभी होती ना, त्याची ही कमाई.

त्या खरपुडीकडं आदरानं बघा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं पुष्कळसं उसापासून निघतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते वेगळं होऊन तळाशी बसतं आणि धातूला खातं. त्याच्यासाठी न बनवलेलं जुनं रबर त्यात फुगतं, कडक होतं. म्हणजे आपणच लावलेला, आपणच ट्रॉलीत भरून कारखान्याला घातलेला ऊस फिरून आपल्याच गाडीच्या घशात अडकलाय. उसाचं बिल यायला वेळ लागतो, ऊस मात्र जेटपर्यंत वेळेवर पोचतो. यात मेस्त्रीचा दोष नाही. शिव्या मात्र तोच खातो.

जेट दोन. मोठं मेन, बारीक स्लो. दोन्ही पितळी. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं, आणि पन्नास हजारांची गाडी त्या भोकावर उभी असते. जेट सूर्याकडं धरून एक डोळा मिटा. पलीकडं उजेडाचा ठिपका दिसला तर साफ. न दिसला तर जमलेल्यांपैकी कुणीतरी लगेच तार काढून देईल. ती नम्रपणे नाकारा. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये भिजत घाला, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा. तोंडानं फुंकू नका. ओलावा आधीच पुरेसा झालाय.

वाटीचं पॅकिंग जपून काढा आणि उंच ठेवा. आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीसाठी देशात प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं बदललं नाही आणि भूकही. बाजेवर सुकत घातलेलं कागदी पॅकिंग ती बाभळीच्या शेंगेइतक्याच आवडीनं खाते.

जोडणी म्हणजे उलट क्रमानं तेच. शेवटी परातीत एखादी स्प्रिंग उरलीच, तर "कंपनीनं जास्तीची दिली होती" म्हणून खिशात घालू नका. परत खोला.

ट्यूनिंगला गाडी गरम पाहिजे. एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत न्या, मग दीड आटे बाहेर काढा आणि तिथून थोडं इकडं-तिकडं करत आवाज ऐका. या वेळी गर्दीला गप्प बसवणं हे खरं कसब. १९८३ सालच्या राजदूत ३५० ला दोन कार्बोरेटर होते आणि दोन्हींचा सूर जुळवावा लागे. ती गाडी कुणाच्या गोठ्यात असेल तर त्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये. त्यांना सोलापूरला जाऊन जुना मेस्त्री गाठण्यावाचून इलाज नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांत बहुतेक इंजेक्शनच आलं. ती बंद पडली की स्कॅनर लागतो, आणि रस्त्याकडेच्या तज्ज्ञांकडं स्कॅनर नसतो. ते चहा पिऊन निघून जातात.

तेवढी एक विनंती. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. वाटी कोरडी राहिली तर वर लिहिलेलं काहीच करावं लागत नाही.