ग्राफराव

रविवारी सकाळी आठला समोरच्या फ्लॅटमधून भोकाड ऐकू आलं की समजावं, वजन चाललंय. ग्राफराव (हे नाव आम्ही मजल्यावरच्यांनी ठेवलेलं) पोराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहतात, आकडा वाचतात, त्यातून स्वतःचे ७८ वजा करतात आणि उरतील तेवढ्या किलोंचा ठिपका फ्रिजवरच्या तक्त्यावर देतात. मग ठिपके जोडायचे. पट्टीने.

तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६चा. सहा देशांतली मुलं मोजून केलेला. त्यात दिल्लीचीही होती हे कळल्यापासून प्रकरण मराठी अस्मितेवर गेलंय. पर्सेंटाइल हा शब्द त्यांच्या ओळखीचा सीईटीमुळे. म्हणून पन्नासावं म्हणजे काठावर पास. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "अहो, शंभर मुलं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली तर हा मधोमध. रेघ आपल्या वाटेने चाललीय ना, तेवढं बघा." ग्राफरावांनी मान डोलावली आणि येताना नाचणीसत्त्वाचे दोन डबे आणले.

त्यांच्या आईंना हे सगळंच नामंजूर. "लेकराचं वजन करू नये, दृष्ट लागते." त्यांचा काटा म्हणजे त्यांची कंबर. नातवाला उचलायचं आणि "बाळसं उतरलंय हो!" म्हणायचं. पोर चालायला लागलं की ते उतरतंच, हे तीन मुलं वाढवून त्यांना ठाऊक आहे. पण म्हणायचं ते म्हणायचंच.

भरवणं हा तर सोहळा. चिऊचा घास पोर खातं, काऊचा थुंकतं, मोराच्या घासाला तोंड फिरवतं. उरलेला तूप-भात टाकवत नाही, तो बाप खातो. सत्त्वही.

दीड वर्षाला तक्त्यावर १३ किलो २०० भरले. नव्वदीच्या पुढे! मजल्यावर पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले. त्याच आठवड्यात लस होती. दवाखान्याच्या काट्यावर १० किलो ९००. बरोबर मधोमध. ग्राफरावांनी काटा हलवून पाहिला, पोराला दोनदा उतरवून चढवलं, पायातले वाळेही काढले.

"घरी कसं मोजता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांनी अभिमानाने पद्धत सांगितली.

"आणि ते ७८ कधीचे?"

"बारशाच्या वेळचे."

कोपऱ्यात नातवाला झबलं घालत बसलेल्या आईंनी मुलाच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं.

"तरी म्हटलं, बाळसं उतरून गेलं कुठे!"