हिरव्या त्रिकोणाचा बंदोबस्त

एक्सेलमध्ये सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उगवला, की कचेरीत पहिला प्रश्न येतो, ‘हे घालवायचं कसं?’ ‘हे आलं कशाने?’ असं विचारणारा विरळाच. उपाय सोपा आहे. ऑप्शन्समधल्या ‘फॉर्म्युलाज’मध्ये जाऊन बॅकग्राउंड एरर चेकिंगची टिक काढली, की त्रिकोण गायब. पत्रक स्वच्छ, साहेब खूश, चूक मात्र जागच्या जागी. हा त्रिकोण पुष्कळदा एवढंच सांगत असतो, की इथला आकडा मजकूर म्हणून साठवला गेलाय. आणि असे आकडे ‘सम’चं सूत्र बेरजेत धरतच नाही, तेही तोंडातून ब्र न काढता.

कोणी म्हणेल, त्रिकोण उगाचच बोंबलतो. शून्याने सुरू होणारा खातेक्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा लागतो, नाहीतर पुढचं शून्य गळतं. खरं आहे. पण त्या सेलपुरतं ‘इग्नोर एरर’ दिलेलं आहेच. एका खोट्या हाकाटीपायी सगळ्या गावाची राखण कशाला मोडीत काढायची? दिसायला वाईट म्हणावं, तर हा त्रिकोण छापील कागदावर उमटतही नाही. तेव्हा तो पुसण्याआधी बेरीज एकदा ताडून बघा.