चित्र आलं का?

कॅम्परव्हॅन घेऊन निघालेला माणूस दिवसभर गाडी हाकतो, संध्याकाळी एखाद्या तळ्याकाठी मुक्काम टाकतो आणि चहाचा कप बाजूला ठेवून लॅपटॉपवर टीव्ही लावायला बसतो, हे ऐकलं की निसर्गप्रेमी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. एवढं डिझेल जाळून शेवटी मालिकाच बघायची होती तर घरचा सोफा काय चावत होता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, फक्त तो टीव्ही दिसतो असं गृहीत धरून विचारलेला आहे. फिरत्या गाडीत टीव्ही बघणं आणि टीव्ही बघायची खटपट करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कधीमधी साधते, दुसरी रोज रात्री करावी लागते. माझं म्हणणं एवढंच की या दुसरीमुळे माणसाला परका मुलूख जितका कळतो, तितका नुसता काचेतून डोंगर बघणाऱ्याला कळत नाही. पुराव्यादाखल ब्रिटन घेऊ, कारण हौशी कॅम्परव्हॅनवाले, साध्या अँटेनावर दिसणारी चॅनलं आणि न उघडणारा पाऊस या तिन्ही गोष्टी तिथं मुबलक आहेत.

सामान फार लागत नाही. लॅपटॉपच्या यूएसबीत खुपसायची करंगळीएवढी ट्यूनरची काडी, तिच्यासोबत फुकट मिळणारा लोहचुंबकाच्या बुडाचा वीतभर अँटेना, आणि खोक्यावर छापलेलं, सोफ्यावर रेलून हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. या तिन्हींपैकी स्पष्ट दिसतं ते फक्त शेवटचं. कारण गाडी म्हणजे चारी बाजूंनी पत्रा, आणि लहरींचं पत्र्याशी वैर. मग वीतभर अँटेना टपावर चिकटवायचा, वायर दाराच्या फटीतून आत घ्यायची, त्याच फटीतून वारा आणि डासही घ्यायचे. वर उचलता येणारं कापडी छत असेल तर अँटेना तिथं टांगतात. कापडातून लहरी येतात. त्या छतातली जागा खरं म्हणजे झोपण्यासाठी असते, पण घरात टीव्ही आला की माणसांनी सरकून घ्यायचं असतं, हा नियम गाडीलाही लागू आहे.

इथपर्यंत नुसती सुतारकी झाली. खरा अभ्यास पुढं सुरू होतो, तो म्हणजे मनोरा कुठल्या दिशेला आहे. ब्रिटनमधले मोठे मनोरे बहुतेक करून आडव्या लहरी सोडतात आणि दऱ्याखोऱ्यांसाठी उभारलेले छोटे पूरक मनोरे बहुतेक उभ्या. अँटेनाच्या दांड्या त्यानुसार आडव्या किंवा उभ्या धराव्या लागतात. चुकल्या तर मनोरा समोर असूनही पडदा काळा. हे सगळं नकाशावर सापडतं, पण मुरलेला कॅम्परव्हॅनवाला नकाशा बघत नाही. तो गावात शिरला की घरांची छपरं बघतो. दहा घरांचे अँटेना ज्या दिशेला तोंड करून आहेत तिकडे मनोरा. दांड्या आडव्या असतील तर मोठा, उभ्या असतील तर छोटा, आणि छोटा असेल तर चॅनलं मोजकीच. बाराव्या शतकातलं चर्च, फुलांनी लगडलेल्या खिडक्या, दगडी पूल हे सगळं सोडून परक्या माणसांच्या कौलांकडे टक लावून हळूहळू गाडी चालवणारा हा इसम गावकऱ्यांना दरोड्याची पाहणी करणारा वाटू शकतो. पण या गावाची घरं डोंगराच्या कोणत्या अंगाला आहेत, दरी कुठं उघडते, पलीकडच्या कुशीतल्या चार घरांनी वेगळ्या दिशेला तोंड का फिरवलंय, हे त्याला दहा मिनिटांत कळलेलं असतं. चर्चचा फोटो काढून गेलेल्याला विचारून बघा, उत्तर दिशा कुठली ते.

मराठी माणसाला ही विद्या नवी नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं, आणि इतिहासाच्या पुस्तकातला गड नेमका कुठल्या अंगाला आहे याची पुणेकरांच्या गच्च्यांनी रोज उजळणी सुरू केली. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक संचासमोर, ‘आलं का?’, ‘गेलं!’, ‘तिथंच धर!’ ही साखळी पिढीच्या पिढीला पाठ आहे. मात्र त्या काळी चुकलं तर पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मुंग्यांमधूनही बातम्या देणाऱ्या बाईंची साडी ओळखता यायची. ब्रिटनमध्ये २००७ साली कम्ब्रियातल्या व्हाइटहेवनपासून जुनं प्रक्षेपण बंद करायला सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडपाशी ते काम पुरं झालं. तेव्हापासून मधली अवस्था संपली. डिजिटल चित्र एक तर लख्ख दिसतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं, आणि गोठतं ते नेमकं खुन्याचं नाव सांगण्यासाठी इन्स्पेक्टरनं तोंड उघडलेलं असताना. माणसाला अंदाज बांधायलाही जागा राहत नाही. मुंग्या या अर्थानं दयाळू होत्या.

आता यातून निघणारा निष्कर्ष निसर्गप्रेमींना आवडणारा नाही, पण तो टाळता येत नाही. जागा जितकी देखणी, तितका टीव्ही खराब. लेक डिस्ट्रिक्ट किंवा स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये ज्या डोंगरांसाठी जग लोटतं, तेच डोंगर मनोऱ्याची वाट अडवून बसलेले असतात. तळ्याकाठच्या पसरलेल्या झाडांचीही तीच तऱ्हा: ब्रिटनची उपग्रह वाहिन्यांची डिश आग्नेयेकडे, आकाशात फार वर नसलेल्या एका बिंदूकडे रोखावी लागते, आणि त्याच कोनात एक डेरेदार ओक उभा असतो. (वास्तुशास्त्रात आग्नेय दिशा चुलीची, हे खातं तिथं टीव्हीकडे गेलेलं आहे.) उलट सपाट, उघडीबोडकी, कारखान्यामागची जागा गाठा, सगळी चॅनलं कडक लागतात. त्यामुळे कॅम्परव्हॅनच्या छपराखाली दोन पक्ष पडतात, एकाला तळं हवं असतं आणि दुसऱ्याला मनोरा. पण या भांडणानंच दुसऱ्या पक्षाला अशा ठिकाणी नेलं आहे जिथं कुठलीच सहल जात नाही. यॉर्कशरमधला एमली मूरचा मनोरा ३३० मीटर उंच आहे, म्हणजे लंडनच्या शार्ड इमारतीपेक्षाही उंच. त्याच्या आधीचा मनोरा मार्च १९६९ मध्ये बर्फाच्या ओझ्यानं कोसळला होता. आजचा काँक्रीटचा मनोरा तर संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. शार्डवर चढायला लोक तिकीट काढतात, आणि एमली मूरचं नाव टीव्ही न दिसलेल्यालाच माहीत असतं.

मुलूख म्हणजे नुसते डोंगर नव्हेत, माणसंही. ती टीव्हीमुळे कळतात का? इथं तर माझी बाजू अधिकच भक्कम आहे. मुक्काम हलला की चॅनलं पुन्हा शोधावी लागतात, आणि नव्या जागी जे सापडतं ते त्या प्रांताचं असतं. राष्ट्रीय बातम्या संपल्या की प्रांताच्या सुरू होतात: कुठला पूल दुरुस्तीला काढलाय, कुठल्या शाळेचं छत गळतंय, मेंढ्यांच्या बाजारात काय चाललंय. वेल्समध्ये चौथ्या क्रमांकाचं बटण दाबलं की लंडनचं चॅनल फोर लागत नाही, वेल्श भाषेतलं एस-फोर-सी लागतं; स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेचं बीबीसी आल्बा हाताला लागतं. गंमत होते ती सीमेवर. सॉमरसेटच्या किनाऱ्यावर गाडी लावली तर ब्रिस्टलच्या खाडीपलीकडून वेल्सचा वेनव्हो मनोरा पाण्यावरून थेट धडकतो, आणि इंग्लंडच्या भूमीवर बसून माणूस कार्डिफचं हवामान ऐकत राहतो. शेजारच्या घराला इंग्लंडचा मनोरा, याच्या लॅपटॉपला वेल्सचा. पाऊस दोघांनाही सारखाच. सरहद्द राजकीय असते, लहरींना ती मान्य नसते, हे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

विरोधकांचा आवडता मुद्दा राहिलाच: खिडकीबाहेर बघा ना! बघायला हरकत नाही, काही दिसत असेल तर. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट या वस्तीवर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीकर यावर हसतील, पण आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत हिशेब मिटवून निघून जातो. सीथवेटचा वर्षभर हप्त्यांनी येतो. त्यात डिसेंबरअखेर हायलँड्समधल्या इन्व्हर्नेसला दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर झोपेपर्यंतचे सहा-सात तास काळ्या काचेत स्वतःचंच तोंड दिसतं, आणि सुंदरात सुंदर माणसालाही ते इतका वेळ बघवत नाही. उन्हाळ्यात उलटं. जूनमध्ये दहा वाजून गेले तरी उजेड रेंगाळतो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पात्रांऐवजी मागचं आभाळ दिसतं. म्हणजे ज्या ऋतूत बाहेर बघण्यासारखं असतं त्या ऋतूत टीव्ही आपोआपच माघार घेतो. इतकं समंजस यंत्र दुसरं कुठलं?

विजेची अडचण मी नाकारत नाही. गाडीतली शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये असा संकेत आहे. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चार-पाच अँपिअर ओढतो. अर्ध्या तासाची मालिका म्हणजे दोन-अडीच अँपिअर-तास, आणि त्याच बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा. त्यामुळे सासू-सुनेची समजूत पटेपर्यंत थांबायचं की पाय गरम ठेवायचे, असा प्रश्न पडतो. घरी बसून मालिका किती पोकळ आहेत हे कधी उमगत नाही, कारण तिथं त्यांची किंमत मोजावी लागत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप तरुण मंडळींचा आहे: अँटेना कसला घेऊन बसलात, मोबाइलच्या डेटावर बघा. बघतात, शहराजवळ. पण जो डोंगर मनोरा अडवतो तो मोबाइलची रेंज सोडून देईल असं मानणं भाबडेपणाचं आहे, आणि कॅम्पसाइटवरचं वायफाय स्वच्छतागृहाच्या भिंतीपाशीच तेवढं चालतं. शिवाय वेळेचा मुद्दा. अँटेनावरचं चित्र आधी पोचतं, उपग्रहावरचं किंचित मागाहून, आणि इंटरनेटवरचं अर्ध्या मिनिटानं किंवा त्याहूनही उशिरा. फुटबॉलचा मोठा सामना असेल त्या रात्री कॅम्पसाइटवर हे कानांनी ऐकता येतं. गोल झाला की आधी अँटेनावाले ओरडतात, मग डिशवाले, आणि मैदान शांत झाल्यावर कोपऱ्यातल्या गाडीतून इंटरनेटवाल्याचा एकट्याचा आनंद ऐकू येतो. मराठी प्रवाशाची निराशा वेगळी: लॉर्ड्सचा कसोटी सामना थेट दिसेल म्हणून काडी घेऊन गेलात तर २००५ नंतर इंग्लंडमधले कसोटी सामने पैसे भरून घ्यायच्या वाहिनीवर गेले आहेत. विम्बल्डन मात्र बीबीसीवर आहे, २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही चॅनल फोरवर दिसला होता. पण तोवर आपला संघ उपांत्य फेरीत हरून बसला होता. अँटेनावरचं हे प्रक्षेपण २०३४ पर्यंत चालू राहील अशी तजवीज तिथं झालेली आहे. पुढं काय यावर वाद चालू आहेत, आणि त्या वादात कॅम्परव्हॅनवाल्यांना कोणी बोलावलेलं नाही.

कायद्यानं मात्र त्यांचा बारीक विचार केला आहे. टीव्हीचा परवाना आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गेला. ब्रिटनमध्ये १९४६ पासून आहे, आजही आहे, आणि २०२५ मध्ये तो वर्षाला १७४ पौंड ५० पेन्सला पडत होता. कृष्णधवल संचाचा स्वस्त परवानाही अजून मिळतो. घरचा परवाना फिरत्या कॅम्परव्हॅनला चालतो. गाडी एका जागी रुतून बसलेली स्टॅटिक कॅरॅव्हॅन असेल तर मात्र अट येते: घरी आणि तिथं एकाच वेळी टीव्ही चालू नसावा. म्हणजे चाकं फिरती आहेत तोवर सरकारचा विश्वास, थांबली की संशय. हा संशय निस्तरायला १९५२ पासून तिथं डिटेक्टर व्हॅन नावाच्या गाड्या आहेत. त्या परवान्याशिवाय टीव्ही बघणारे हुडकतात आणि नेमकं कसं हुडकतात हे कधी उघड केलं जात नाही. कॅम्परव्हॅनवाल्यांनी त्यांना घाबरायचं कारण नाही, अडचण फक्त ओळखण्याची आहे. रस्त्याकडेला टपावर अँटेना लावलेली बंद गाडी उभी आहे, आत अंधारात एक माणूस पडद्यावर नजर खिळवून, कानांना काहीतरी लावून, अधूनमधून वायर हलवत बसला आहे. आता हा टीव्ही बघतोय की टीव्ही बघणाऱ्याला शोधतोय, हे बाहेरून कसं ठरवणार?