घामाचा भाव

१९५९ च्या सुमारास ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुश्काने नाताळात मित्रांना पूल खेळायच्या काठ्या, म्हणजे क्यू, करून दिल्या. आज त्याच्या क्यूला हजारो डॉलर पडतात. एखाद्या नामवंताने ती वापरली असेल, तर त्याच्या घामाचा भाव वेगळा. घेणारा तिला खडूसुद्धा लावत नाही आणि मुठीच्या आयरिश लिननवरचा मळ वारसा म्हणून जपतो. पूलपटू विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोत सलग ५२६ चेंडू पॉकेटात घातले. त्याचं मनगट लिलावात येत नाही, एवढीच अडचण. ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात बालाबुश्का म्हणून मिरवलेली क्यू मुळात जॉस कंपनीची होती. चेंडूंना ते कळलं नाही. ते निमूट पॉकेटात गेले. संग्राहकांनी मात्र योग्य तो धडा घेतला: आता ते क्यूबरोबर दाखलाही मागतात.