परड्याला स्थगिती

चहा घ्या आणि जरा टेकून बसा, प्रकरण लांबलेलं आहे. दाभोळात माझ्या घरामागे चार गुंठे परडं आहे. सातबाऱ्यावर नाव माझं. तरी गेल्या दोन पावसाळ्यांपासून तिथलं गवत कापायचा अधिकार मला उरलेला नाही.

पुण्याचा भाचा देशी झाडांच्या नादाला लागला. मी मनात म्हटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस. पण तेरडा अस्सल देशी निघाला आणि भाचाही टिकला.

पहिली बंदी ग्रासकटरवर आली. "मामा, त्यात फोडशी आहे!" अहो, फोडशीची भाजी मी दात नव्हते तेव्हापासून खातोय. पण कोवळी असताना ती गवतासारखीच दिसते. बुडाशी पांढरट असते, ती खूण. म्हणजे चार गुंठ्यांतलं पातं न् पातं वाकून तपासायचं, पंचनामा करायचा आणि मग कोयती चालवायची. निम्म्या गुंठ्यात कंबरेनं राजीनामा दिला. आता तिथे गुडघाभर रान आहे आणि त्याला 'अधिवास' म्हणतात.

मग गडग्यावरच्या घाणेरीची चौकशी निघाली. वीस वर्षं तिला मी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी ती बारमाही फुलायची. मधे पिवळी, कडेला गुलाबी. निकाल लागला: मूळ अमेरिकेची, देशी झाडांना वाढू देत नाही, उपटा. शोभेचं झुडूप म्हणून तिला साहेबानं आणलं, त्याला दोनशे वर्षं झाली. इतकं राहूनही रहिवासी दाखला नाही! खाडीपलीकडे अंजनवेलला अमेरिकेच्याच एन्रॉनचं वीजकेंद्र आलं, तालुका गुहागर असून नाव आमच्या दाभोळचं लावलं, 2001 साली बंद पडलं, 2006 साली नव्या नावानं पुन्हा सुरू झालं. ते नाही कुणी उपटलं.

फाटकाजवळचा गुलमोहर मादागास्करचा, म्हणून त्याच्या शेजारी तामण लावला. तामण हे राज्यपुष्प आहे. म्हणजे आता दारात शासकीय झाड, आणि पाचोळा झाडायला मी, विनावेतन. पण पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूचं नाव काढलं की भाचा विषय बदलतो. जाताना दोन किलो काजूगर नेतो, ही बाब मी केवळ नोंदीसाठी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात तो मित्रमंडळी घेऊन आला आणि मला 'स्थानिक जाणकार' म्हणून सड्यावर नेलं. पाऊण तासाची वाट साडेतीन तासांत झाली. पाच पावलं चाललं की सगळे गुडघ्यावर. कातळावरच्या ओलीत सीतेची आसवं फुलली होती. नखाएवढी, निळी-जांभळी फुलं. आम्ही ती आजवर चपलेखाली घालत आलो. पाण्यातल्या बारक्या किड्यांना आत ओढून खाणारे फुगे असतात म्हणे त्या झाडाला. मी डासांबद्दल विचारलं. "एवढ्या मोठ्या शिकारीचं ते झाड नाही हो," एक बाई म्हणाल्या. म्हणजे तिथेही आमचा अर्ज फेटाळला. बरं, फुलं सुंदर होती. पण ती बघायला मी पोटावर झोपलो आणि उठवायला तिघं लागले, हे कुणाच्या फोटोत आलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी भाच्यानं परड्यात पाट्या ठोकल्या. भारंगी. उक्षी. फोडशीला तर वहीच्या पानाएवढी पाटी, खाली लाल अक्षरांत 'तोडू नये'. पहिला पाऊस झाला, फोडशी वर आली, भाचाही आला. दुपारी हिनं भाजी वाढली. कांदा, चण्याची डाळ, वर खोबरं. त्यानं दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "मामी, बाजारात मिळाली का?"

"बाजारात कशाला जाऊ? तू पाटी लावलीयस की. शोधायला लागली नाही."

पाटी अजून तिथेच आहे. तिच्याभोवतीचं गवत काढायला मी भाच्याकडे रीतसर परवानगी मागितली आहे.