पोपटीचा पोपट

"पत्रिका मी करून देतो," असं साखरपुड्याच्या पंगतीत मी बोलून बसलो. बोलायला काय जातं! भाचीच्या शालूचे काठ पोपटी, म्हणून पत्रिकेची किनारही झगझगीत पोपटी. रात्री साडेअकराला फोटोशॉपमध्ये ती पुरी झाली. रिडू करायचं म्हणून वर्डच्या सवयीने कंट्रोल-वाय दाबलं आणि डोळ्यांदेखत पोपटीची शेवाळी झाली. गणपतीचं जास्वंद विटकं पडलं.

मग आपले घरगुती उपचार सुरू झाले. केबल काढली, फुंकर मारली, परत खोचली. मॉनिटरच्या बुडाशी जी बटणं असतात ती सगळी दाबली. ब्राइटनेस शंभरावर नेला, तर शेवाळं नुसतंच उजळ झालं. मेव्हणे मागून म्हणाले, "व्हायरस असणार." त्यांच्याकडे या एका निदानावर सगळं भागतं. शेजारीच वॉलपेपरवरचं शेत हिरवंगार होतं, म्हणजे पडदा ठणठणीत होता. पण हे कुणाला सुचावं? नाइट लाइट चालू राहिला असता तर तेही शेत पिवळं पडलं असतं. मॉनिटरची प्रोफाइल बिघडते तेव्हा फोटोशॉपमधला पांढराही पिवळट दिसतो. इथे पांढरा जवळपास पांढराच होता. आता अनइन्स्टॉल करायचं, असं मी जाहीर केलं.

"अरे मामा, टॅबवर काय लिहिलंय ते वाच ना," भाची म्हणाली.

फाइलच्या नावापुढे 'आरजीबी/८/सीएमवायके' असं होतं. शेपटीचं ते सीएमवायके मी लावलेलं नव्हतं. म्हणजे लावलं मीच होतं, माझ्या नकळत. वर्डमध्ये कंट्रोल-वाय म्हणजे रिडू, फोटोशॉपमध्ये 'प्रूफ कलर्स'. हाच रंग छापखान्याच्या चार शायांत कसा उतरेल, ते पडद्यावर दाखवणारी सोय. सोबत शिफ्ट दाबली असती तर न छापता येणाऱ्या रंगांवर राखाडी डाग उमटले असते आणि मेव्हण्यांचा व्हायरस सिद्ध झाला असता.

मी पुन्हा कंट्रोल-वाय दाबलं. पोपटी परत आला, घरात टाळ्या पडल्या, फाइल छापखान्यात गेली.

पत्रिका आल्या शेवाळी.

छापखानेवाल्याशी भांडायला निघालो तेव्हा भाचीने दारातच अडवलं. "कॉम्प्युटरने त्या रात्री हाच रंग दाखवला होता. तूच बंद केलास." खरं होतं. झगझगीत पोपटी हा उजेडाचा रंग. निळी आणि पिवळी शाई कितीही घोटा, कागदावर तो उतरत नाही. त्या रात्री पडद्याने एकदाच खरं सांगितलं होतं आणि मी त्याला बिघाड म्हणालो.

अगदी शंभर टक्के खरं नव्हे, हेही सांगतो. 'प्रूफ कलर्स'मध्ये बहुतेकदा 'स्वॉप' नावाचं माप आपोआप बसलेलं असतं. ते अमेरिकेतल्या मासिकांच्या छपाईचं. आमची पत्रिका छापली आळीतल्या ऑफसेटवर. त्या छापखान्याची प्रोफाइल मागायला हवी होती. मी फक्त सवलत मागितली.

रंगाचा आकडा एकटा मुकाच असतो. 'पन्नास' म्हटलं तर किलो की क्विंटल? ते सांगते प्रोफाइल. ही भाषा सगळ्यांची एक असावी म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्या एकत्र आल्या. १९९६ मध्ये एसआरजीबी हा रंगपट आला. आणि छायाचित्रकार ज्याची शपथ घेतात तो अॅडोबी आरजीबी? १९९८ च्या फोटोशॉपमध्ये एका प्रमाणाचे आकडे उतरवताना गफलत झाली. लोकांना तोच रंगपट आवडला, म्हणून नाव बदलून चूक कायम केली. त्या रंगपटातला फोटो प्रोफाइल गाळून सेव्ह करा, दुसरीकडे तो विटलेला दिसेल. बिघडलं काहीच नाही, फक्त एकक हरवलं.

पत्रिका तशाच वाटल्या. मेव्हणे सगळ्यांना 'ऑलिव्ह ग्रीन' म्हणून सांगत होते आणि लोक मान डोलावत होते.

तर वाचकहो, रंग उडाला की आधी टॅब वाचा, केबल मागाहून काढा. आणि फोटोशॉपमध्ये रिडूसाठी कंट्रोल-शिफ्ट-झेड.